गप्प सांधे

माझे सासरे वीतभर उंचीच्या माणसांचे गुडघे दुरुस्त करत. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मीही हसले होते, आणि सासूबाईंनी मला हसताना पकडून म्हटलं होतं, "हस बाई, मी तर या घरात दोन मुलं सांभाळते, एक पासष्टीचं आणि एक पस्तिशीचं."

पस्तिशीचं मूल म्हणजे माझा नवरा. त्याला बाहुल्या म्हटलेलं खपत नाही, ॲक्शन फिगर म्हणायचं. दुकानातून आणलेले प्लास्टिकचे योद्धे, राक्षस, अंतराळवीर. ते आणायचे, एकाचं डोकं काढून दुसऱ्याला लावायचं, तिसऱ्याचे हात चौथ्याला, वर रंग, आणि झाला नवा माणूस तयार. हे वेड असलेली माणसं जगात पुष्कळ आहेत, हे मला इथे आल्यावर कळलं. अडचण एकच. एकाचा हात दुसऱ्याला बसवला की कोपराची किंवा खांद्याची पिन जुळत नाही. मूळची पिन काढताना तुटते, नाहीतर भोकच मोठं निघतं. मग हात लटकतो. तलवार उगारलेला योद्धा रात्रीत तलवार खाली करून बसतो. अशा वेळी लोक माझ्या सासऱ्यांकडे यायचे. आधी नवऱ्याचे मित्र, मग त्यांचे मित्र, मग टपालानं कुठून कुठून.

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एकतीस वर्षं बिजागऱ्यांच्या कारखान्यात लेथवर काढली होती. कारखाना बंद झाला तेव्हा त्यांनी एक लहानसा लेथ घरी आणला आणि मागच्या खोलीत खिडकीखाली मांडला. पिन म्हणजे काय, तर तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी नायलॉनची कांडी, एका टोकाला घट्ट धरायला बारीक खाचा. गरम पाण्यात सांधा बुडवून प्लास्टिक मऊ करायचं, जुनी पिन ठोकून बाहेर काढायची, नवी घालायची. ऐकायला सोपं वाटतं. पण पिन सैल झाली तर हात पडतो, आणि घट्ट झाली तर आज काहीच होत नाही. दोन महिन्यांनी प्लास्टिकवर पांढरी रेघ उमटते, मग चीर जाते, आणि हात निखळून हातात येतो.

"मोजून नाही का करता येत?" मी एकदा विचारलं होतं. बाबांनी व्हर्नियर माझ्यापुढे धरला. "हा पिन मोजतो, सूनबाई. प्लास्टिकचा स्वभाव कोण मोजणार? एक चिवट, एक ठिसूळ, एक उन्हात राहून म्हातारं झालेलं."

त्यांची रीत वेगळी होती. पिन मुद्दाम जाड ठेवायची, सांध्यात घालायची, आणि सांधा कानाशी नेऊन हळूच वाकवायचा. पिन घट्ट असेल तर प्लास्टिक कण्हतं, अगदी बारीक. बाबा त्याला 'बोलणं' म्हणत. सांधा बोलला की पिन काढायची, कानशीचा एक हात मारायचा, परत घालायची, परत कानाशी. बोलणं जिथे थांबेल तिथे थांबायचं. त्यापुढे एक हात जास्त मारला तर सैल. गप्प झालेला सांधा म्हणजे बरोबर सांधा. एका गुडघ्याला कधी चार खेपा लागायच्या, कधी चौदा. मी चहाचा कप घेऊन दारात उभी राहायचे तर हात वर करून थांबवायचे, कपाचा आवाजसुद्धा नको.

सासूबाई गेल्या आणि बाबांनी दिवसच्या दिवस मागच्या खोलीत काढायला सुरुवात केली. पार्सलं उघडणं, पत्रांना उत्तरं देणं, भरून परत पाठवणं माझ्याकडे आलं. आणि त्या सुमारास एक चांगली गोष्ट झाली असं आम्हाला वाटलं. बाबांचा हात भराभर चालायला लागला. जिथे दिवसाला तीन सांधे व्हायचे तिथे सात होऊ लागले. नवरा म्हणाला, "बघ, या वयात." मी पण कौतुक केलं. बाबा खुशीत म्हणाले, "हल्लीचं प्लास्टिक शहाणं झालंय. पूर्वीसारखं कुरकुरत नाही." आम्ही दोघं खदखदून हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पहिली फिगर हात तुटून परत आली तेव्हा मी त्याचं खापर टपालवाल्यांच्या माथी फोडलं. दुसरी आली तेव्हाही. चौथी आली त्या दिवशी मी बाबांच्या समोर जाऊन बसले. ते एक खांदा बसवत होते. त्यांनी तो कानाशी नेला, वाकवला, आणि टेबलाच्या या बाजूला बसलेल्या मला तो बोललेला स्पष्ट ऐकू आला. बाबांनी मान डोलावली. "गप्प आहे," म्हणाले, आणि पुढची पिन उचलली.

घरात आम्ही मोठ्यानं बोलतच होतो. टीव्हीचा आवाज वाढला होता, दाराची बेल त्यांना कळत नव्हती. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं. कानाचा आणि पिनेचा संबंध कोणी लावलाच नव्हता. ज्याची सगळी परीक्षा आवाज न येण्यावर आहे, त्याचे कान गेले तर त्याच्या हातून जाणारं प्रत्येक काम पास. बाबांचा वेग वाढला नव्हता, ते लवकर थांबत होते.

रात्री नवऱ्याला सांगितलं. त्यानं हातातला रंगाचा ब्रश धुऊन ठेवला. मग म्हणाला, "त्यांना नको सांगू. आईनंतर तेवढंच उरलंय त्यांच्याकडे."

मला ते पटलं, हे मी लपवत नाही. आपण चांगलं काहीतरी करतोय असंच वाटत होतं. परत येणाऱ्या फिगर मी पलंगाखालच्या लोखंडी पेटीत टाकत गेले. लोकांची माफी मागितली, पैसे परत पाठवले, नवीन कामं हळूहळू कमी घेतली, आणि बाबांना ताकास तूर लागू दिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणायचे. चौदा महिन्यांत पेटीत तेवीस फिगर जमल्या. तेवीस जणांनी आपापल्या हातानं रंगवलेली, जीव लावून केलेली माणसं, आणि त्यांचे सुटे हात-पाय मी एका जुन्या उशीच्या खोळीत भरून ठेवले होते.

टपालाला खोटं सांगता येतं, दारात उभ्या माणसाला नाही. एका सकाळी बसड्रायव्हर आले. निवृत्त गृहस्थ, बाबांचे जुने गिऱ्हाईक. राक्षसांची आणि सैनिकांची धडं घेऊन ते आपल्या बसमधले प्रवासी बनवायचे. रोज पहिल्या थांब्यावर चढणारा शिक्षक, भांडखोर कंडक्टर, चष्मेवाली नर्स. मी दार उघडून काही म्हणायच्या आत ते ओळखीच्या पावलांनी थेट मागच्या खोलीत गेले आणि टेबलावर एक छत्रीवाली बाई ठेवली. तिच्या शेजारी छत्री धरलेला तिचा हात.

"मिस्त्री, कोपरातून गेला बघा. तुमच्या हातचा म्हणून मला आश्चर्य वाटलं."

बाबांनी भिंग लावलं. चिरेची पांढरी कड पाहिली, पिन पाहिली. एकतीस वर्षं काम केलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि ड्रायव्हरकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"अजून किती आलेत?"

मला खोटं बोलता आलं असतं. बोलणारही होते. पण ते माझ्या ओठांकडे बघत होते, ऐकायची त्यांची तीच तऱ्हा उरली होती, आणि माझे ओठ हलेनात. मी आत जाऊन पेटी ओढत आणली.

बाबांनी एकेक फिगर काढून ओळीनं मांडली. रागावले असते तर बरं झालं असतं. ड्रायव्हर बिचारे उठू का बसू अशा अवस्थेत, शेवटी म्हणाले, "मी नंतर येतो."

त्यानंतर आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. यंत्र बसवलं. माणसांचं बोलणं येऊ लागलं, नळ, पंखा, शेजारच्यांची भांडणं, सगळं. पण बारीक आवाज गेले ते गेले, डॉक्टरांनी स्वच्छच सांगितलं. बाबांनी घरी येऊन एक बोललेला सांधा दहा वेळा कानाशी वाकवला आणि यंत्र काढून डबीत ठेवलं.

मग एके दुपारी त्यांनी मला हाक मारली. छत्रीवाल्या बाईची चीर त्यांनी भरून घेतली होती, नवी पिन तयार होती. "बस. मी वाकवतो, तू ऐक."

मी ऐकलं. पहिल्यांदा बोलला, मोठ्यानं. त्यांनी कानस मारली. दुसऱ्यांदा बोलला. परत कानस. तिसऱ्यांदा मला काही ऐकू आलं नाही.

"गप्प?"

"गप्प."

"नीट ऐक. इथे अजून एक असतो. अगदी बारीक. तो जाईपर्यंत थांबायचं नसतं."

मी श्वास रोखला, डोळे मिटले. ते वाकवत राहिले. मला माझ्याच कानातली धडधड ऐकू येत होती, दुसरं काही नाही. माझे कान चांगले आहेत, पण त्यांना सवय नाही. "असेल," मी म्हटलं. ते ओठांवरून वाचून त्यांनी आणखी एक हात मारला, पिन बसवली, बाईचा हात वर केला आणि सोडला. हात खाली पडला, छत्रीसकट. सैल.

बाबांनी कानस पुसली आणि तिच्या खोबणीत ठेवली.

"पहिला परत आला तेव्हाच सांगायचंस," ते म्हणाले. आवाज अगदी साधा, दूध उतू गेलं हे सांगावं तसा. "सांधा मी उजव्या कानाशी नेतो, पण तेव्हा डावा कान होता मला थोडाफार. तुला शिकवला असता तो आवाज."

त्यांचं मन मोडू नये म्हणून मी चौदा महिने तोंड शिवून बसले, आणि तेवढ्या चौदा महिन्यांतच त्यांचा उरलासुरला कान गेला. आता तो आवाज कुठला, हे जगात सांगणारं कोणी नाही. मी चांगुलपणा केला होता. असला चांगुलपणा शत्रूनंही करू नये.

ड्रायव्हर दोन दिवसांनी आले. बाबांनी त्यांना झालेलं सगळं सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. मग विचारलं, "चिकटवून देऊ?"

ज्या घरात सांध्याला डिंक लावणं म्हणजे शिवी होती, तिथे हा प्रश्न. ड्रायव्हरनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

"द्या चिकटवून, मिस्त्री."

"हात वर ठेवू का खाली?"

"वर. बस थांबवायला करायची तसा."

बाबांनी डिंकाचा थेंब टाकला, छत्री वर केली आणि चिमटीत धरून बसले, चांगली दहा मिनिटं. मग त्यांनी ती बाई ड्रायव्हरच्या हातात दिली. कानाशी नेली नाही.