मामाच्याच तोंडून

माझ्या मामाला नाही म्हणणं आजवर कुणाला जमलेलं नाही. सिल्लोडला त्याची कापसाची आडत आहे, पण त्याचा खरा धंदा माणसांची मनं वळवण्याचा. भावाभावांचं फाटलेलं असो की मोडायला आलेली सोयरीक, लोक त्यालाच बोलावतात. तो कधी आवाज चढवत नाही. आधी चहा मागतो, मग समोरच्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो, आणि बैठक उठेपर्यंत समोरचा मामाचंच म्हणणं स्वतःचं म्हणून सांगायला लागतो.

माझ्या बाबतीतही त्यानं हेच केलं. बाबा गेल्याच्या पुढच्या वर्षी मला पुण्यात नोकरी लागली होती, बॅगसुद्धा भरून झाली होती. आई जा म्हणत होती. तेवढ्यात मामा आला, आमच्या सिडकोतल्या घरी सगळे नातेवाईक गोळा केले आणि म्हणाला, "मी जा म्हणणार नाय, जाऊ नको म्हणणार नाय. हिचं मन लई मोठं आहे. आईला एकटं टाकून जायचं का, ते हीच सांगेल." सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. काय सांगणार, डोंबल! "नाही जात," मी म्हणाले. काकूंनी लगेच कानशिलावर बोटं मोडली, किती गं समजूतदार पोरगी! मामानं सरळ अडवलं असतं तर मी कडाकडा भांडले असते. त्यानं माझ्याच तोंडून वदवून घेतलं, ते मला आजही सहन होत नाही.

या रागाचं काय करायचं, ते मला एका व्हिडिओ गेमनं शिकवलं. हसायचं असेल तर हसा. माझं लग्न ठरल्यावर होणाऱ्या नवऱ्यानं तो माझ्या लॅपटॉपवर टाकून दिला. राजे, जादूगार, राक्षस असलं सगळं. सुरुवातीला आपल्या पात्राला गुण वाटून द्यायचे असतात: ताकद, जादू, चपळाई. त्यानं त्याच्या खेळात सगळे तलवारीला दिले होते. मी सगळेच्या सगळे मन वळवण्याच्या कलेला दिले. परिणाम असा की पहिल्याच जंगलात एका मरतुकड्या लांडग्यानं मला खाल्लं. "लांडग्याला समजावून सांग ना," म्हणून हा खो खो हसला.

मला मात्र त्या राज्याच्या दिवाणापर्यंत पोचायचं होतं. गोड बोलून बोलून राणीला महालात बसवून ठेवलेला आणि अख्खा दरबार मुठीत घेतलेला म्हातारा. लांडगे चुकवत एकदाची पोचले, त्याचं पहिलंच वाक्य वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामाच की हा! तिथं समोर तीन-चार वाक्यं येतात, त्यातलं एक निवडून बोलायचं. मी सगळ्यात झोंबणारं निवडलं. शिपायांनी मला फरफटत बाहेर नेलं. गेम पुन्हा मागून सुरू करता येतो म्हणून बरं. पुन्हा शिव्या, पुन्हा शिपाई. खरं बोलल्याचा तिथं काडीचाही उपयोग नव्हता.

एका रविवारी दुपारी मी राग गिळला आणि ज्याची मला किळस येत होती तेच वाक्य निवडलं. दिवाणजी, तुमच्यासारखा निःस्वार्थी माणूस नाही, तुम्हाला आसनाचा कसला मोह? सगळा दरबार ऐकत होता. म्हाताऱ्यानं छाती फुगवली. मग पुढचं: राणीला कारभार तुम्ही स्वतःच द्याल, अशी सगळ्यांची खात्री आहे. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि गुपचूप बोटातली कारभाराची मुद्रा काढून ठेवली. मी एवढ्यानं ओरडले की आई स्वयंपाकघरातून पळत आली. "काय गं, पाल पडली का अंगावर?"

आमच्याकडं लग्नात नवरीला खोलीतून मांडवात मामा आणतो. सगळं कार्यालय बघत असतं, आणि माझा मामा त्या मानासाठी जीव टाकतो. औरंगपुऱ्याच्या बाजारातून नवा फेटा आणून तो तयारच बसला होता. आई विधवा, म्हणून तिनं कोठीच्या किल्ल्या सांभाळत आतल्या खोलीत बसावं, हेही त्यानंच ठरवलेलं. "मला कुठं मिरवायचंय," आई म्हणाली. मला मांडवात आईनंच न्यायला हवं होतं. आणि मामाच्या हातून हा मान जायला हवा होता, तोही त्याच्याच तोंडून. दोन्ही गोष्टी मला सारख्याच हव्या होत्या, खोटं कशाला बोलू?

लग्नाच्या आधी दोन्हीकडची मंडळी आमच्या घरी बसली. मी पहिला चहा मामाला दिला. मग सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मी काही मागणार नाय. मामांचं मन लई मोठं आहे. मला आईनं मांडवात आणावं, असं त्यांच्या मनात कधीचं आहे. फक्त स्वतःचा मोठेपणा स्वतः कसा सांगायचा, म्हणून गप्प आहेत."

"अगं बाई!" माझ्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या. "असा मामा मिळायला नशीब लागतं."

मामाची बशी ओठांपर्यंत जाऊन थांबली. त्यानं माझ्याकडं बघितलं. ही विद्या त्याचीच, त्याला नाही कळणार तर कुणाला? पण सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. "व्हय... म्हणजे... अक्कानंच आणावं," तो म्हणाला. "मी तेच म्हणणार होतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई "अरे, असं कसं रे?" म्हणत पदरानं डोळे पुसायला लागली.

निघताना त्यानं मला दारात गाठलं. "पोरी, हे बरं केलं नाहीस."

"मी कुठं काय म्हणाले, मामा? तुम्हीच तर म्हणालात." हे बोलताना जी मजा आली ती काय सांगू!

लग्नाच्या दिवशी गुरुजींनी सवयीनं माइकवर पुकारलं, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं." पुढच्या रांगेत मामा अर्धा उठला. मामीनं त्याची बाही ओढली. मी खोलीच्या दारात आईचा हात धरून उभी होते. "चल गं, मुहूर्त टळेल," ती कुजबुजली.

"थांब जरा," मी म्हणाले.

मामा खुर्चीत पूर्ण टेकला, तेव्हाच मी पाऊल उचललं.