वहिनींच्या हातून वाचलेला परग्रहवासी

मोडतोड करण्याचा पगार घेणारी बाई आपल्या घरात आली आहे, हे धाकट्या दिराला भावाच्या लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं. वहिनी खेळण्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात होत्या. पदविका घेऊन चिकटल्या त्या तिथेच. कुठलंही नवं खेळणं दुकानात जाण्याआधी त्यांच्या टेबलावर यायचं. मग त्या अस्वलाचे डोळे चिमट्यात धरून ओढायच्या, मोटारी उंचावरून फरशीवर सोडायच्या, रंगवलेले ठोकळे कृत्रिम लाळेत भिजत घालायच्या. कारखान्यात त्यांना यमबाई म्हणत. हे नाव त्यांना इतकं आवडलं होतं की स्वतःच्या डब्याच्या झाकणावर त्यांनी तेच लिहून टाकलं होतं.

दीर मूर्तिकला शिकलेला. विज्ञान संग्रहालयात प्रतिकृती बनवायचा. हृदयाच्या झडपा, मुंगीचं डोकं, ज्वालामुखीचा उभा काप. नोकरी कंत्राटी. अशात संग्रहालयाने नवं दालन काढायचं ठरवलं आणि मधोमध ठेवायला परग्रहावरचा एक जीव मागितला. अट एकच होती. हा जीव पृथ्वीवर सोडला तर जगेल, हे बघणाऱ्याला पटलं पाहिजे. समितीला पटलं तर दीर कायम. नाही पटलं तर बाहेरच्या कंपनीचा तयार हिरवा राक्षस येणार, आणि दिराचं कंत्राट तिथेच संपणार.

पहिलं चित्र त्याने काढलं ते उंच, सडपातळ, लांबसडक बोटांच्या प्राण्याचं. जेवणं झाल्यावर मोठ्या हौसेने ते टेबलावर पसरलं. वहिनी हात पुसत आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. याच्या ग्रहावर वस्तूंना वजन कमी असणार, नाहीतर एवढ्या काडीसारख्या पायांवर कोण उभं राहील, असं त्यांनी विचारलं. दीर खूश होऊन हो म्हणाला.

"मग इथे पहिल्याच जिन्यावरून पडेल," वहिनी म्हणाल्या. "गेला."

दुसरा प्राणी जड ग्रहावरचा निघाला. बुटका, सहा पायांचा, मजबूत. वहिनींनी विचारलं, खातो काय? दीर म्हणाला, काहीही. त्यावर दादाने वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सांगितलं, की लग्नाआधी माझ्याबद्दलही असंच सांगितलं होतं, पुढे काय झालं ते हिलाच विचार.

दिराने मग पुस्तकं काढली. सजीवांचे रेणू डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखे असतात, असं त्याला सापडलं. या पाहुण्याचं शरीर उलट्या हाताच्या रेणूंचं असलं, तर इथलं अन्न पोटात जाईल पण अंगी लागणार नाही.

"म्हणजे भरल्या ताटावर उपाशी," वहिनी हळहळल्या. "गेला बिचारा."

पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कारखान्यातून फोन केला. इथलं अन्न त्याच्या अंगी लागत नसेल, तर तो तरी इथल्या जंतूंच्या अंगी कसा लागेल, असं त्यांच्या मनात आलं होतं. म्हणजे आजारपणाची निम्मी भीती गेली. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. ज्या सुरीने मारलं त्याच सुरीने त्याला सोडवलं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दीर मात्र दुपारभर हातातली माती तशीच धरून बसला होता. असा विचार आपल्याला का सुचू नये?

प्राणी आता उन्हावर जगू लागला. तर उन्हावर जगणारं झाड कधी धावताना पाहिलंय का, असा प्रश्न आला. धावणं गेलं. धावत नाही म्हटल्यावर कुठलीही गाय येऊन चावणार. अंगी लागत नाही हे तिला चावून झाल्यावर कळणार. म्हणून अंगावर जाड कवच आलं. वाऱ्याने उलटू नये म्हणून उंची गेली. हवेतल्या प्राणवायूने गंजू नये म्हणून मेणाचा थर आला. शेवटी टेबलावर जे उरलं, त्याभोवती दादाने एक चक्कर मारली.

"जगेल खरं," तो म्हणाला. "पण बघायला तिकीट कोण काढणार? दगड बाहेर फुकट दिसतात."

दीर हसला नाही. तो वहिनींना म्हणाला की तुम्हाला फक्त मारता येतं. शब्द तोंडातून गेले आणि त्याचेच कान तापले. वहिनींनी त्या मातीच्या गोळ्यावर ओलं फडकं टाकलं, वाळू नये म्हणून, आणि त्या आत गेल्या.

त्यानंतर घरात 'मीठ द्या', 'दार लावा' एवढंच बोलणं होत होतं. शनिवारी सकाळी मात्र वहिनी चपला घालून दिराच्या दारात उभ्या राहिल्या. कारखान्यात चला म्हणाल्या.

तपासणीची खोली दिराच्या कल्पनेपेक्षा लहान होती. एका यंत्रात कापडी अंगाची, कडक हातांची बाहुली अडकवलेली होती. वहिनींनी तिच्या मनगटाला चिमटा लावला आणि वजनं चढवत गेल्या. हात ताणला गेला, आणि मग टप् आवाज होऊन खांद्यापासून अख्खा निखळला. दिराने मनातल्या मनात बाहुलीला नापास केलं. वहिनींनी कागदावर 'उत्तीर्ण' लिहून सही केली.

"न मोडणारं खेळणं मी अजून पाहिलं नाही, भावजी," त्या म्हणाल्या. "मोडणारच. मी बघते ते कुठे मोडतं. मध्ये तुटलं तर धार निघते, पोराला लागतं. सांध्यातून सुटलं तर बाहुली बाहुलीच राहते. तुमचा प्राणी कुठे मोडतो ते मी शोधत होते, आणि तुम्ही दर वेळी ती जागाच लिंपून टाकत होता."

दीर घरी न येता थेट संग्रहालयात गेला.

नवा प्राणी पुन्हा उंच झाला. बारीक खोड आणि त्यावर शिडासारखी पातळ, रुंद पाती, ऊन वेचणारी. प्रत्येक पात्याच्या मुळाशी एक सांधा. गाईने चावलं, सोड पातं. बुरशी आली, सोड. वादळ आलं, सगळी सोड आणि नुसतं खोड घेऊन उभा रहा. सुटलेल्या सांध्याखाली नव्या पात्याचा कोंब तयार. वहिनींनी कारखान्यातून ओढ मोजायचा ताणकाटा आणला आणि एकेक पातं खरोखर ओढून पाहिलं. तीन सांधे दिराने मुद्दाम रिकामे ठेवले आणि ती तीन पाती प्राण्याच्या पायाशी पडलेली दाखवली.

समिती यायच्या दिवशी तो दालनात शिरला, तर पायाशी काहीच नव्हतं. सगळी पाती जागच्या जागी. सामानखोलीचे मामा कोपऱ्यात उभे राहून डोळे मिचकावत होते. आणताना मोडली असं समजून बिचाऱ्यांनी ती पक्क्या गोंदाने चिकटवून टाकली होती.

समितीतल्या प्राणिशास्त्राच्या बाईंनी प्राण्याभोवती एक फेरी घातली. दिसायला फार सुंदर आहे, त्या म्हणाल्या, पण पहिल्याच वादळात याच्या चिंध्या होतील. हा जगतो कसा?

सांगायचं तर मामांचा गोंद सांगावा लागणार होता, आणि मामा अजून हसत होते. दीर पुढे झाला आणि एक न चिकटवलेलं पातं धरून त्याने ओढलं. संग्रहालयाचे प्रमुख अहो अहो करत धावले. पातं टप् करून हातात आलं. बाईंनी ते घेतलं, रिकाम्या सांध्यात बोट घातलं आणि कोंब चाचपला.

"पाल शेपूट टाकते तसं," त्या म्हणाल्या. मग जरा संकोचून त्यांनी विचारलं, "मी ओढू एक?"

त्यांनी ओढलं, मग प्रमुखांनी ओढलं. प्रमुखांच्या हातात अर्धंच पातं आलं, अर्धं सांध्याला चिकटून फाटलं. तरी ते पुन्हा पुन्हा कोंबच बघत होते. बाहेरच्या कंपनीला नकार कळवायचं तिथेच ठरलं, आणि दिराला सोमवारी कायम झाल्याचं पत्र न्यायला या म्हणाले.

घरी दादाने ही बातमी ऐकून शिट्टी वाजवली. वहिनींनी दिराच्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. मग खुर्ची ओढून बसल्या आणि सगळी पाती नीट सुटली का, असं त्यांनी विचारलं. दिराने मामांच्या गोंदाची गंमत सांगितली आणि ते एक फाटलं म्हणाला, पण त्यात प्राण्याचा काय दोष.

वहिनी हसल्या नाहीत.

"मामा नसतील तिथे झाडांचा डिंक असेल," त्या म्हणाल्या. "सांध्यात डिंक गेला, पातं सुटलं नाही, वरून बुरशी चढली. गेला."

दिराने कोरा कागद काढला आणि त्यांच्या पुढ्यात सरकवला.