फाट्यावरचा फ्लेक्स आणि आईची डावी बाजू

माझी आई लोखंडी चौकटीला टांगलेली पाहिली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. माझ्या तोंडून शब्द न फुटणं ही आमच्या कान्हे गावात बातमी होण्यासारखी गोष्ट आहे. डोंगर फोडून बंगले बांधणाऱ्यांविरुद्ध, ओढे बुजवणाऱ्यांविरुद्ध मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहीत आले, लोणावळ्याच्या बाजारात आणि कामशेतच्या स्टँडवर उभी राहून वाटत आले. कुणी पत्रक चुरगाळून टाकलं तर उचलून, सरळ करून पुन्हा त्याच्याच हातात दिलंय. पण तळेगावच्या त्या शेडमध्ये मी नुसती उभी राहिले. आईच्या कमरेला आणि मांड्यांना जाड पट्टे आवळले होते. ती वरच्या चौकटीला लटकत होती, पाय सरकत्या पट्ट्यावर होते. दोन्ही पायांना बाहेरून मोटारीचे सांधे बांधले होते आणि ते सांधे तिचे पाय उचलून पुढे टाकत होते. साडीवरून गाऊन, गाऊनवरून पट्टे. आयुष्यभर कुणाच्या हाताला धरून रस्ता न ओलांडलेली बाई, आणि तिला एक यंत्र चालवत होतं.

तिला अर्धांगाचा झटका आला तो मळवलीच्या एका बंगल्यावर. आमची भाताची दोन खाचरं आहेत, ती करून उरलेल्या वेळात ती त्या बंगल्याची झाडलोट बघायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे घरात कमावणारी तीच. स्वयंपाकघरात ओट्यापाशी ती खाली बसली आणि उठलीच नाही. डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. ती रडली नाही, देवाला दोष दिला नाही. म्हणाली, "रानात कामाला न्हाई जाता आलं तरी चालंल. संडासला एकटीनं जाता आलं पायजे. बास."

हे लिहायला मला लाज वाटत नाही, कारण तिला सांगायला वाटली नाही. तिच्या मागण्या कधीच मोठ्या नव्हत्या. तेवढीही मागणी दवाखान्यातल्या व्यायामानं पुरी होईना.

मग धाकट्या काकाला कळलं की तळेगावला एक बाई अर्धांगाच्या माणसांना चालवायचं यंत्र बनवतेय आणि चाचणीसाठी माणसं शोधतेय. काकाची फाट्यावर रिक्षा आहे, त्यामुळे मावळातली कुठलीही बातमी त्याच्या मागच्या सीटवर बसून येते. ती बाई म्हणजे तिशीतली इंजिनिअर. आम्ही तिला मॅडम म्हणायचो, आई तिला पोरी म्हणायची. यंत्राची अक्कल त्या सरकत्या पट्ट्याखाली होती. तिथं भार मोजणारे सेन्सर बसवले होते. कुठल्या पायावर किती वजन पडतंय हे त्यांना कळायचं, आणि त्यावरून वरच्या दोरीनं अंग किती उचलून धरायचं, मोटारीनं किती जोर लावायचा हे ठरायचं. समोरच्या पडद्यावर दोन उभे खांब दिसायचे, एक उजव्या पायाचा, एक डाव्याचा. आईचा डावा खांब सुरुवातीला जमिनीला चिकटूनच होता.

पहिल्याच दिवशी मॅडमनं एका कागदावर आमच्या तिघांच्या सह्या मागितल्या. फोटो काढायचे नाहीत, यंत्राबद्दल कुणाला सांगायचं नाही, पेटंटचा अर्ज व्हायचा आहे. पेटंट हा शब्द वाचला, माझं डोकं फिरलं आणि गेलेली वाचा परत आली. मी तिथंच विचारलं, पाय आमच्या आईचे, घाम तिचा, आणि मालकी तुमची कशी? माणसाच्या चालण्याला कुंपण घालणार तुम्ही? मॅडम चिडली नाही. तिनं सांगितलं की यंत्राच्या मागे पैसे लावणारा एक माणूस आहे आणि पेटंटचा अर्ज झाला तरच तो पुढे उभा राहणार आहे. नाही झाला तर पुढच्या वर्षी ही शेड नसेल, यंत्र नसेल. मला पटलं नाही, पण मी सही केली. आई वर टांगलेली होती आणि माझ्याकडेच बघत होती.

एक अडचण मात्र महिनाभर सुटेना. आईनं पाऊल टाकलं की यंत्र मध्येच गचकन थांबायचं. टाच आधी टेकणार आणि भार मागून पुढे सरकणार, असं यंत्राला शिकवलेलं होतं. आईचा भार आधी चवड्यावर पडायचा. यंत्राला वाटायचं बाई पडली, ते पट्टा बंद करायचं. मॅडमला वाटलं झटक्यामुळे पाऊल लोंबतंय. पण मग तिनं बघितलं की आईचा धडधाकट उजवा पायही तसाच पडतो. भातखाचराच्या चिखलात उतरताना बोटं आधी रुतवतात, जमीन लागली की मग टाच खाली सोडतात. आमच्याकडच्या लावणी करणाऱ्या बायका डांबरी रस्त्यावरही तशाच चालतात. मी इतकी वर्षं आईच्या मागून चालले आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. मॅडमनं यंत्राला वेगळं शिकवलं. भार चवड्यावर आला तर लगेच पट्टा थांबवायचा नाही, क्षणभर तोलून धरायचं, टाचेची वाट बघायची, मग ठरवायचं. त्यानंतर डावा खांब जमिनीवरून उठायला लागला. आई घरी भिंतीच्या आधारानं मोरीपर्यंत जायला लागली.

आणि मग फ्लेक्स.

त्या दिवशी काकाची रिक्षा गॅरेजला होती म्हणून मॅडम स्वतःच्या गाडीतून आम्हाला सोडायला आली. कान्हे फाट्याला गाडी वळली आणि तिनं ब्रेक असा मारला की मी पुढच्या सीटवर आपटले. चहाच्या टपरीच्या वर, विजेच्या खांबापासून वडाच्या फांदीपर्यंत ताणलेला फ्लेक्स. आमच्याकडे कुणी दहावी पास झालं, कुणी जेसीबी घेतला, कुणाच्या बैलानं शर्यतीचा घाट मारला, की फ्लेक्स लागतो. पण या फ्लेक्सच्या मधोमध माझी आई होती. पट्ट्यांत टांगलेली, गाऊनमधली, हसणारी. वर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: रोबोटवर चालणारी मावळातली पहिली महिला, हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुक म्हणून मंडळाची सगळी पोरं, डोळ्यांवर गॉगल. आणि आईच्या शेजारी, चांगला मोठा करून, शेडमधल्या पांढऱ्या फळ्याचा फोटो. एकदा मॅडमनं आईला आणि काकाला समजावं म्हणून यंत्राची सगळी आकृती त्या फळ्यावर काढली होती. सेन्सर कुठे, दोरी किती उचलते, कशावरून ठरतं, सगळं बाणांसकट.

मॅडम गाडीतून उतरली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून वर बघत राहिली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. घर जळताना रस्त्याच्या पलीकडून बघणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो.

काका टपरीवरच होता, अभिमानानं पुढे आला. फोटो त्यानंच काढले होते. मी ओरडले, सही केली होतीस ना? त्याला खरंच कळेना मी कशावरून ओरडतेय. "अगं, गावालाच सांगितलंय. गावाला सांगणं म्हंजी सांगणं असतं व्हय? वयनी उभी ऱ्हायली न् गावाला ठाव न्हाई, तर लोक माज्या तोंडात शेण घालतील." त्यानं चोरी केली नव्हती, त्याच्या लेखी त्यानं कर्तव्य केलं होतं. फ्लेक्स उतरवला, पण तो लागून आठवडा झाला होता. तो आठवडा मी लोणावळ्यात पत्रकं वाटत होते आणि त्या दिवशी तिथूनच थेट शेडवर आले होते, म्हणून मला पत्ता नव्हता. मधे रविवार येऊन गेला होता, आणि रविवारी आमच्या फाट्यावरून अर्धं पुणं धरणाकडे जातं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पेटंटचं काम बघणारे वकील आले. त्यांनी शांतपणे सांगितलं की अर्ज दाखल होण्याआधी शोध लोकांसमोर मांडला गेला, तर कायद्यानं तो नवा राहत नाही. उद्या कुणीही उठून हरकत घेऊ शकतो. मला हे ऐकूनच धक्का बसला. वडाच्या फांदीला बांधलेला एक फ्लेक्स, ज्यावर गॉगलवाली पोरं आहेत, तो कायद्याच्या दरबारात पुरावा! पण खरा धक्का पुढे होता. वकील म्हणाले की फ्लेक्स गावातल्या लोकांनी बघितला असेल, त्यांना त्यातलं काय कळणार? कुणाला समजलंच नसेल तर विषय वाढवायचं कारण नाही. मग आईकडे बघून म्हणाले, मावशींना कुणी काही विचारलंच नसेल ना?

प्रश्न असा विचारला होता की उत्तर आतच ठेवलेलं होतं. आईनं फक्त मान हलवायची होती. तिची शेड, तिचं यंत्र, तिचं एकटीनं संडासला जाणं त्या एका मान हलवण्यावर होतं, आणि हे तिला कळत होतं.

"इचारलं की," आई म्हणाली. "म्या सांगितलं बी समदं."

रोज संध्याकाळी काका तिला टपरीवर नेऊन खुर्चीत बसवत होता, एवढं मला माहीत होतं. ती तिथं काय करते हे नव्हतं. कंपन्या सुटल्या की तिथली पोरं चहाला थांबतात, त्यांत इंजिनिअरही असतात. त्यांनी फ्लेक्स बघून विचारलं, आणि आईनं काठीनं फळ्याचा फोटो दाखवत त्यांना पट्ट्याखालचे सेन्सर समजावले. एकानं तर फोटो काढून घेतला होता.

काका पुटपुटला, "वयनी, जरा दम धर." वकिलांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले की तुम्हाला खोटं बोलायला कुणी सांगत नाही, फक्त गरज नसताना...

"झटका आला तवा माजं लुगडं भिजलं, ते समद्यांनी बगितलं," आई म्हणाली. "त्येला कुणी कागद आणला न्हाई सही कराया. आता उबी ऱ्हायले, तर झाकू व्हय?"

 मी एवढी पत्रकं लिहिली, एवढी भाषणं केली, पण असं वाक्य मला कधी सुचलं नाही. त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटला नाही, भीती वाटली. बाईनं स्वतःच्या पायांवर कुऱ्हाड मारून घेतली असं वाटलं.

मॅडम उठून फळ्यापाशी गेली. मग तिनं वकिलांना विचारलं, फ्लेक्सवर जे नाही तेवढ्याचाच अर्ज केला तर? टाचेची वाट बघणं फ्लेक्सवर नव्हतं, आणि आईनंही टपरीवर फोटोत होतं तेवढंच सांगितलं होतं. फळ्याचा फोटो त्याच्या आधीचा होता. वकील म्हणाले, होईल, पण कुंपण लहान होईल. बाकीचं सगळं उघडं पडलं, ते आता कुणीही बनवावं. माझ्या तत्त्वाप्रमाणे मी नाचायला हवं होतं. ज्ञान उघडं झालं, एका फ्लेक्सनं केलं. पण मी आईच्या डाव्या पायाकडे बघत होते.

पैसे लावणारा माणूस लहान कुंपणालाही तयार झाला, पण एका अटीवर. हे सांगायला मॅडम स्वतः कान्ह्याला आली आणि आमच्या ओट्यावर अवघडून बसली. अर्ज दाखल होईपर्यंत आई आणि तिच्या घरची माणसं शेडमध्ये पाऊल टाकणार नाहीत. तोंडाळ पेशंट नको, असा त्याचा निरोप होता. चवड्याची चाल आईची, अर्ज त्या चालीवर, आणि बाहेर काढायचं आईलाच! मी मॅडमला वाट्टेल ते बोलले. ती ऐकून घेत होती. मग मी आत गेले, कागद ओढला आणि लिहायला बसले. मथळा आधीच तयार होता, पहिला परिच्छेद एका दमात झाला.

आई भिंत धरून दारापर्यंत आली. "काय लिवतीस?"

सांगितलं. यंत्र कसं चालतं, तुझी चाल त्यात कशी घेतली, तुला कसं हाकललं.

"म्हंजी त्ये वाट बगायचं बी लिवणार?"

हो म्हणाले.

"मंग त्यो बी फ्लेक्सच की," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. त्या पोरीचा अर्ज होऊ दे आधी. मी हाय घरात."

मी पेन ठेवलं. आजवर मला पत्रक लिहिताना पोलिसांनी थांबवलं नव्हतं, बंगलेवाल्यांच्या माणसांनी थांबवलं नव्हतं.

अर्ज व्हायला भाताची लावणी उलटून गेली. आकृत्या बदलल्या, शब्द बदलले, वकिलांनी कागद परत परत पाठवले. इकडे आई घरात चालत होती, म्हणजे प्रयत्न करत होती. वर अंग पेलणारी दोरी नाही, खाली पायाचा भार ओळखणारा पट्टा नाही. दवाखान्यातले व्यायाम मी करून घ्यायचे. डावा गुडघा हळूहळू ताठ होत गेला. मोरीपर्यंत जाणं सुटलं. एकदा ती संडासच्या दारात पडली आणि मला हाक न मारता तशीच बसून राहिली. मी उचलायला गेले तेव्हा तिनं मला डोळे मोठे करून दाखवले, हाक मारली नव्हती ना, म्हणून.

ज्या दिवशी अर्ज दाखल झाला, त्याच दिवशी मॅडमचा फोन आला. दुसऱ्या सकाळी काकानं रिक्षा पुसून आणली. शेडमध्ये पट्टे आवळले, सांधे बांधले, दोरी ताणली. पट्टा सरकायला लागला. पडद्यावर आईचा उजवा खांब वर गेला. डावा जेमतेम हलला. काही महिन्यांपूर्वी कुठे होता, आणि आता हा. मॅडमनं तो बघितला आणि हळूच हात पुढे करून पडदा भिंतीकडे वळवला.

"पोरी, फिरव हिकडं," आई वरून म्हणाली.

मॅडमचा हात तसाच राहिला.

"फिरव. माजं हाय ते."

पडदा फिरवला. आईनं बराच वेळ त्या बुटक्या खांबाकडे बघितलं. मग खाली बघितलं, पायाकडे, आणि डावा चवडा पट्ट्यावर दाबला.