पेटीवरच्या कापडाची अक्षरं

आमच्या गावात माणूस गेलं की पेटीवर घालायचं कापड चर्चमधून यायचं आणि दफन उरकलं की परत जायचं. वाडीवाला असो की त्याच्या वाडीत पाणी लावणारा, सगळ्यांना तेच एक. ते जुनं कापड उंदरांनी कुरतडलं, तेव्हा नवं भरून द्यायचं काम माझ्या मावशीने अंगावर घेतलं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, बिनलग्नाची, आमच्याच घरात राहणारी. वसईतल्या कितीतरी घरांच्या उशांवर तिच्या हातची फुलं होती. पण त्या वर्षी तिला काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीचाही भरवसा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मावशीने घरी येऊन मॅटीचं, चौकोनी घरांच्या विणीचं पांढरं कापड काढलं. डोळे आहेत तोवर एवढं एक पुरं होऊ दे, मग काही मागणार नाही, असं ती आईला म्हणाली.

चारी कडांची जांभळी वेल तिने एकटीने भरली. मध्ये तिला एकच ओळ हवी होती: ‘तुम्ही पुढे व्हा आम्ही येतो’. फादरना प्रार्थनेतलं काहीतरी हवं होतं. त्यावर मावशीने त्यांना सांगितलं की प्रार्थना तुम्ही म्हणताच, घरच्यांसारखा निरोप कोण देतो? फादरनी विषय सोडला.

इथे मी उपटलो. एकोणीसशे ऐंशीच्या पुढची वर्षं होती. मुंबईत मी कॉम्प्युटरवर आहे, असं गावभर सांगायचो. खरं म्हणजे त्याच्या प्रिंटरला कागद लावायला होतो. तो प्रिंटर रिबिनीवर सुया आपटून ठिपक्यांची अक्षरं काढायचा. त्याची शिस्त अशी की बारकं अक्षर असो की रुंद, प्रत्येकाला जागा सारखीच. मला वाटलं, हा तर मावशीचा फुलीचा टाका! मॅटीचं एक घर म्हणजे एक ठिपका. मावशी पूर्वी पेन्सिलीने वळणदार अक्षरं काढून त्यावरून भरायची. आता पेन्सिलीची रेघ तिला दिसत नव्हती, पण कापडाची घरं बोटाने मोजता येत होती. तेव्हा माझी युक्ती अगदीच टाकाऊ नव्हती. माझ्या युक्त्यांचं असंच असतं, बुडवण्याइतपत त्या चांगल्या असतात.

आधी ओळीतली अक्षरं मोजली, मधल्या मोकळ्या जागा धरल्या, कापडाच्या रुंदीला भागलं. बरोबर बसलं. मग ग्राफ पेपरवर चौकोन रंगवायला घेतले आणि लक्षात आलं की ‘म्ही’ आणि ‘व्हा’ इंग्रजी अक्षरांच्या त्या शिस्तीत मावत नाहीत. मी उदार मनाने त्यांना दोन-दोन जागा दिल्या. कागद अपुरा पडला तसा दुसरा चिकटवला, मग तिसरा. पट्टी लांबत चालली होती ती मला कलेची प्रगती वाटली. पुन्हा मोजायचं काही सुचलं नाही.

मावशीची रीत कापडाची घडी घालून मधून सुरुवात करायची. मी म्हटलं, मशीन डावीकडून छापतं. तिने एकदा विचारलं, “वितीने बघू का रे, पुरतंय का?” कॉम्प्युटरच्या हिशेबाला वीत लावतेस, असं म्हणून मी हसलो. तीही हसली आणि सुई ओवायला माझ्याकडे दिली.

रविवारी ओट्यावर बसून मी पट्टी वाचायचो. दोन भर, एक सोड, तीन भर. ती भरायची. जवळून पाहिलं तर नुसत्या पायऱ्या आणि भोकं दिसायची, पण अंगणाच्या टोकाला उभं राहिलं की अक्षरं अशी उठून दिसायची की आईनेसुद्धा माझं कौतुक केलं. आठवड्यागणिक मावशीचं बोट मात्र घर शोधायला जास्त वेळ लावत होतं.

‘आम्ही’ संपलं आणि बोट वेलीला लागलं. पुढे ‘येतो’ला जागाच नव्हती. मी खाली दुसरी ओळ सुचवली. तिने ‘ये’ घालून पाहिला, दोन दिवस धडपडली, टाके एकावर एक चढले. शेवटी ते मला उसवायला सांगितले. सगळंच उसवून पहिल्यापासून भरायला तिच्याकडे नजर उरली नव्हती. पुढचं मी भरतो म्हटलं, तर तिने कापड आपल्याकडे ओढून घेतलं. “राहू दे. तुझे टाके लोक माझे समजतील.”

कापड तसंच चर्चला दिलं. पहिल्यांदा ते शेजारच्या म्हाताऱ्याच्या पेटीवर आलं. मागच्या बाकावर कुणीतरी ते वाचून कुजबुजलं की बरं झालं, येतो म्हणून शब्द दिला नाही. दोघंतिघं तोंडावर रुमाल धरून हसले. इतर वेळी मीही हसलो असतो. मावशीने मला कोपराने डिवचून विचारलं, लांबून वाचता येतं का. मी म्हटलं, शेवटच्या बाकापर्यंत.

“म्हणजे सगळ्यांनी वाचलं,” ती म्हणाली.

दफन झाल्यावर चर्चच्या दाराबाहेर, तिथली देखभाल करणाऱ्या काकांनी कापडाची घडी आणून मानाने तिच्याच हातात दिली. तिने ती उलगडली आणि पहिल्या अक्षरापासून बोट फिरवत नेलं. वेलीपाशी बोट थांबलं.

“एवढीशीच जागा कमी पडली रे,” ती म्हणाली.

तिने घडी घालून कापड माझ्यापुढे धरलं. मी जरा डावीकडे उभा होतो, तिने ते सरळ समोर धरलं होतं.

“आत नेऊन ठेव,” ती म्हणाली. “मला पायरी दिसत नाही.”

भर दुपार होती, आणि ती पायरी ती पोरवयापासून रोज चढत आली होती.