रूपाचा लाडवांचा डबा

समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाने जन्मात अंडं चाखलं नव्हतं. चाखणं सोडाच, पडलेलं अंडं ती हातानं उचलतही नसे. पण एखाद्या कोंबडीचं अंडं आतच अडलं, ती शेपूट टाकून कोपऱ्यात फुगून बसली, की कळसाडीच्या आमच्या गल्लीत एकच हाक उठे, "बाले बलाव!" बा येई, घमेल्यातल्या कोमट पाण्यात कोंबडीला बसवून ठेवी आणि मग बोटाला गोडेतेल लावून तिला मोकळी करी. एकदा मी आगाऊपणे विचारलं, "बा, आता नाही का अंड्याचा विटाळ होत?"

"अडेल बाईनं बाळंतपण करतस तव्हय कोनी विटाळ पाहस का, मास्तर? पानी तपाड जाय!"

बा गुजर घरातली. ऊस, केळी, सगळं भरपूर; नवरा गेलेला, मुलगा सुरतेला. शेतावरचा सालदार काम सोडून पहाडात परत गेला, तेव्हा एक तांबडी तलंग, नुकती अंड्यावर येणारी कोंबडी, बाच्या पदरात टाकून गेला. तिचं नाव बाने रूपा ठेवलं. मी समोरचा भाडेकरू, परगावचा आणि सर्वभक्षी. त्यामुळे रूपाची अंडी उचलण्याचं आणि पोटात घालण्याचं पवित्र कार्य माझ्याकडे आलं.

फुकटची अंडी खाऊन मला स्वतःच्या कोंबड्या पाळायची खुमखुमी आली. मोबाइलवर पाहून मी खुराड्यात रात्रभर दिवा लावला. कोंबड्या जागून जागून माझ्यासारख्याच चिडक्या झाल्या आणि कवच नसलेली, कातड्यासारखी मऊ अंडी घालू लागल्या. बा म्हणाली, अंड्यांची टरफलं भाजून, कुटून त्यांना चार. कुटायचा कंटाळा म्हणून मी अख्खीच टाकली. कोंबड्यांना चव लागली आणि त्या स्वतःची अंडी फोडून खाऊ लागल्या. बा ओट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "मास्तर, तुन्ही कोंबड्याबी तुन्हामायकच शेतस, अंडीच खातस!"

पण बाचंही एक वेड होतं. अंडं घालणारी म्हणजे बाळंतीण, असा तिचा हिशेब. त्यामुळे रूपाला रोज डिंकाचा लाडू, तोही साजूक तुपातला. स्वयंपाकघराच्या दाराशी डब्याचं झाकण खणकन वाजलं की रूपा असेल तिथून मान लांब करून धावत यायची. गल्लीभर बढाई चाले, "मन्ही रूपानी पाठ पाहा, कशी सोफासारखी व्हयनी!"

रूपा अडू लागली. एकदा, मग पुन्हा. शेवटी बाचं तेल आणि घमेलं दोन्ही हरली, तेव्हा आम्ही तिला माझ्या स्कूटरवरून शहाद्याला गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अंडं काढलं आणि विचारलं, "हिला खायला काय देता?"

"डिंकना लाडू," बा अभिमानानं म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. "पोटात चरबी साठलीय, आजी. त्यानंच अंडं अडतंय. पुढच्या वेळी वाचणार नाही."

परतताना बा रूपाला पदराखाली घेऊन मागे बसली होती. रस्त्यात म्हणाली, "मन्हा लाडूमुयेच अडनी का रे ती?" दिवसभर वर्गात तोंड चालवणारा मी, नसलेला खड्डा चुकवत राहिलो.

त्या दिवसापासून रूपाला मोजके दाणे, हिरवा पाला आणि टरफलांचा चुरा. सकाळी ती दारावर चोचीनं ठोके. बा आत दाराला पाठ लावून बसे. "ठोकू दे. दार उघाडं त मन्हा हात डब्बामा जाई." शेवटी तिनं तो भरलेला डबाच माझ्या हातात कोंबला. "तू खाय. तुले कोठे अंडं देनं शे?"

डबा मी शाळेत नेऊन ठेवला. घरी रूपासमोर तिचे लाडू खायला मलाही लाज होतीच की, थोडी.

रूपा हडकली, चपळ झाली, कुणाच्याही मदतीशिवाय अंडी घालू लागली. मग तिनं दार ठोकणंही सोडलं. दिवसभर माझ्या अंगणातल्या पेरूखाली उकरत बसे. बा ओट्यावरून बघत राही. मी म्हटलं, "बा, वाचवलीस तिला." ती म्हणाली, "बरी व्हयनी. पन मन्ही ऱ्हायनी नही."

थंडीत बा झोपेतच गेली. मुलगा आला, दिवस उरकले, घराला कुलूप लागलं, रूपा माझ्याकडे राहिली. जाण्याआधी त्यानं आईची भांडी मागितली, म्हणून मी शाळेतून तो रिकामा डबा घरी आणला. झाकण घट्ट बसलं होतं. अंगणात उभं राहून जोर लावला, तसं ते खणकन उघडलं.

पेरूखालून रूपा मान लांब करून धावत सुटली. माझ्या पायांजवळून गेली, गल्ली ओलांडली आणि बाच्या कुलूप लावलेल्या दारासमोर जाऊन उभी राहिली.