ताईच्या दाराशी गाडी

आयर्लंडमधल्या आमच्या ॲथलोनमध्ये मराठी घरं मोजकी, त्यामुळे एकाच्या घरात काय शिजतंय ते दुसऱ्याला वासावरून कळतं. चंद्रहासच्या घरात सव्वा वर्ष एक बेत शिजत होता. तो इतका शिजला की मी त्याच्या बायकोला, कौमुदीला, म्हटलं, "अगं, आता याचा लगदा होईल. उतरव खाली."

मी शेजारीण. माझी प्रवासाची पद्धत सोपी आहे. बॅग भरायची, दार ओढायचं, निघायचं. विसरलेलं वाटेत मिळतं, नाही मिळालं तर त्याची गरज नव्हती असं समजायचं. चंद्रहास माझ्या अगदी उलट. तो इथल्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात आहे आणि त्याचं कामच मुळी शंका घेण्याचं. नवं मशीन आलं की ते सांगितल्याप्रमाणे वागतंय का हे तऱ्हेतऱ्हेने तपासायचं, आणि मगच सही करायची. "करून बघितल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. घरात नवा कुकर आला तेव्हा त्याने आधी नुसतं पाणी घालून शिट्ट्या काढल्या होत्या. माणूस सोन्यासारखा आहे, पण त्याच्यासोबत सहलीला जाणं म्हणजे परीक्षेला बसणं.

त्याची बहीण वृंदाताई शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते. आई गेली तेव्हा चंद्रहास पाचवीत होता आणि ताई कॉलेजात. तिने त्याचा डबा केला, अभ्यास घेतला, सोलापूरच्या उन्हात लुनावर मागे बसवून त्याला शाळेत सोडलं. स्वतःचं लग्न त्याची बारावी होईपर्यंत लांबवलं. पुढे नवऱ्यासोबत अमेरिकेला गेली. मूलबाळ झालं नाही, आणि काही वर्षांपूर्वी भाऊजीही गेले. त्यानंतर तिची किडनी बदलावी लागली. ते ऑपरेशन झालं, प्रकृती सावरली, आणि सहा महिन्यांत करोना आला.

नवी किडनी टिकवायची तर शरीराची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवावी लागते. म्हणजे ताईला साधी सर्दी झालेला माणूसही धोक्याचा. तिने दार लावून घेतलं. किराणा दाराबाहेर, औषधं दाराबाहेर, शेजारीण काचेपलीकडून हात हलवून जाणारी. आणि आयर्लंडमधून अमेरिकेत जायला तर मार्चपासूनच बंदी.

दर रविवारी भावाबहिणीचा व्हिडिओ कॉल असायचा. त्या गणपतीत आम्ही त्यांच्याकडे आरतीला होतो आणि ताई फोनवर होती. आरती झाल्यावर चंद्रहास म्हणाला, "ताई, तू म्हटलीच नाहीस." ती म्हणाली, "आवाजच निघेना रे. दिवसच्या दिवस कुणाशी बोलणं होत नाही. वापरायची सवय गेली." आणि हसली. चंद्रहास उठून स्वयंपाकघरात गेला आणि प्रेस उघडून नुसताच आत बघत उभा राहिला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आता आम्हीही म्हणतो.

दुसऱ्याच दिवशी त्याने बेत मांडला. बंदी उठेल त्या दिवशी जायचं. पण ताईच्या घरात पाऊल टाकायचं नाही. तिथे आरव्ही भाड्याने घ्यायची. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. झोपणं, रांधणं, संडास, सगळं आत. ती ताईच्या दाराशी लावायची. ती घरात, हा गाडीत, मध्ये अंगण. रोज समोरासमोर बोलणं. "निदान एक माणूस तिच्यासमोर उभा राहील," तो म्हणाला. "स्क्रीनवर नाही, खराखुरा."

"आणि बंदी कधी उठणार?" मी विचारलं.

"उठेल. आपण तयार असलं पाहिजे."

तो तयार होत गेला. ताईच्या कॉलनीत रात्री असं वाहन उभं करायला मनाई आहे, हे त्याने शोधून काढलं. मग रात्रीच्या मुक्कामासाठी नेपरव्हिलच्या चहूबाजूंचे, आरव्ही उभ्या करायचे तळ शोधले. हे करता करता त्याला तो सगळा मुलूख पाठ झाला. कुठल्या रस्त्याला दुतर्फा मका, कुठे नदीकाठी रान, मिशिगन सरोवराच्या काठावर वाळूच्या टेकड्या कुठे सुरू होतात. अमेरिकेच्या त्या सपाट भागात इतकं बघण्यासारखं असेल हे मला तोवर माहीत नव्हतं. तो रविवारी ताईला सगळं वाचून दाखवायचा. आणि ताई, जी हं-हं करून फोन ठेवायची, ती प्रश्न विचारायला लागली.

"तिथे नदीपाशी बसायला बाक आहे का रे?"

"आहे. दोन आहेत."

"सावलीत?"

"बघून सांगतो."

आणि तो खरंच उपग्रहाच्या नकाशात झाडाची सावली बघून सांगायचा. आपला बेत ताई तपासून देतेय, असं त्याला वाटायचं.

पुढच्या फेब्रुवारीत इथे घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. चंद्रहासला तो काळ फार सोयीचा वाटला. गल्लीच्या टोकाला पॉरिक राहतो, रिटायर्ड माणूस, त्याची जुनी कॅम्परव्हॅन अंगणात नुसती उभी होती. ती चंद्रहासने मागून आणली आणि स्वतःच्याच दाराशी लावली. आता आठवडाभर तो व्हॅनमध्ये राहणार आणि कौमुदी घरात वृंदाताई होणार. रंगीत तालीम!

पॉरिकने मला विचारलं, "व्हॉट्स युअर मॅन अप टू?" इथे 'युअर मॅन' म्हणजे नवरा नव्हे, 'तो गडी'. मी समजावलं. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "ही'ल बी ग्रँड," म्हणजे जमेल त्याला. मग अमेरिकेतल्यासारखी गाडी उजव्या बाजूने चालवायचा सराव करायला स्वतःचं शेतही दिलं. चंद्रहास त्या चिखलात बादल्या मांडून त्यांना सिग्नल समजून वळणं घेत होता, आणि मेंढ्या कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या.

तालमीत भाऊबीजही होती. ताई त्याला ओवाळल्याशिवाय राहणार नाही, हे तो ओळखून होता. कौमुदी ताट घेऊन व्हॅनच्या दारात आली, निरांजन आत नेलं, आणि धुराचा अलार्म असा बोंबलला की पॉरिक घरातल्या चपलांनिशी धावत आला. मग नवा नियम झाला. ओवाळणी बाहेर, पायरीपाशी. ताट स्टुलावर. ताईने लांब उभं राहायचं, याने स्वतःच स्वतःला कुंकू लावून घ्यायचं. ज्योत बॅटरीची.

रविवारी हे ऐकल्यावर ताई एवढंच म्हणाली, "बॅटरीवर ओवाळतात का रे कुणी?"

आठवडा संपला. पाणी पुरलं, हीटर चालला, संडासाची टाकी कशी रिकामी करायची ते कळलं. चंद्रहास खूश. आम्ही अंगणात लांब लांब बसून चहा पीत होतो. त्याची अकरा वर्षांची मुलगी साक्षी म्हणाली, "डॅड, इट वॉज ग्रेट क्रॅक." क्रॅक म्हणजे इथे मजा. आणि कौमुदी, जी आठवडाभर ताई होऊन खिडकीआड बसली होती, ती म्हणाली, "मला नाही आवडलं."

"काय चुकलं?"

"चुकलं काहीच नाही. तू समोर होतास, बोलत होतास. पण तू बाहेर आणि मी आत. मला सारखं वाटायचं, मी हॉस्पिटलात आहे आणि तू भेटीच्या वेळेला आलायस."

चंद्रहासने विचार केला. मग म्हणाला, "खिडकीचा पडदा बदलू या का?"

मी कौमुदीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. शिकलेला माणूस, पण काही काही गोष्टींत अगदी ठोंब्या!

ऑक्टोबरात बातमी आली. नोव्हेंबरच्या आठ तारखेपासून अमेरिका आम्हाला आत घेणार. भाऊबीज सहा तारखेची. दोन दिवसांनी हुकली म्हणून चंद्रहास हळहळला, पण कौमुदी म्हणाली, "पौर्णिमेपर्यंत चालते भाऊबीज. आमच्याकडे सगळे तेच करतात. उगाच रडू नकोस." त्याचा चेहरा खुलला.

मग आरव्हीवाल्यांचा निरोप आला. तिकडे हिवाळ्यात नळ गोठतात, म्हणून गाड्यांमधलं पाणी काढून टाकलेलं असतं. गाडी मिळेल, पण कोरडी. दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावला असता. हा गडी उठला आणि म्हणाला, "तालमीत तिसऱ्या दिवशी आपण बिनपाण्याचंही करून बघितलंय." पाणी कॅनमधून न्यायचं ठरलं. बहुतेक तळ बंद झालेले, पण वीज तेवढी देणारा एक तळ सापडला. मला कबूल करायलाच हवं, त्याचा असा अभिमान मला कधीच वाटला नव्हता. सव्वा वर्ष ज्याच्यावर मी हसले, तो माणूस डब्लिनच्या विमानतळावर निघाला तेव्हा त्याच्या कपाळावर एक आठी नव्हती.

तो एकटाच गेला. माणसं जितकी कमी तितका ताईला धोका कमी. तिकडे पोचून तो आधी तळावर एकटा राहिला, पुन्हा टेस्ट केली, ती स्वच्छ आली, आणि मगच त्याने आम्हाला कळवलं, "आज ताईकडे."

ती वेळ तिकडे दुपार होती, आमच्याकडे संध्याकाळ. मी कौमुदीच्या स्वयंपाकघरात दिवाळीच्या उरलेल्या चकल्या संपवत होते. फोन वाजला. चंद्रहासने त्याचा फोन आरव्हीच्या उघड्या दारात लावून ठेवला होता, आम्हाला ओवाळणी दिसावी म्हणून. समोर अंगण, पिवळं पडलेलं गवत, बंद दार. अंगणात मधोमध स्टूल. स्टुलापासून योग्य अंतरावर चंद्रहास, मास्क लावून, डोक्यावर टोपी घालून, शाळेत शिक्षा झाल्यासारखा ताठ उभा.

दार उघडलं. वृंदाताई बाहेर आली. पैठणी, वरून जाड कोट, तोंडावर मास्क. हातात ताट. वाऱ्यात फडफडणारी ज्योत ती तळहाताने झाकत होती. खरी ज्योत, तुपाची.

"ताई, स्टुलावर ठेव," चंद्रहास म्हणाला. "आणि मागे हो. मी पुढे येतो."

ताई स्टुलापाशी आली, आणि थांबलीच नाही. स्टुलाला वळसा घालून सरळ त्याच्यासमोर गेली.

"ताई! अंतर!"

"डॉक्टरांना विचारलंय मी. माझा तिसरा डोस झालाय. मास्क लावून, मोकळ्या हवेत चालेल म्हणाले. बोलू नकोस, खाली वाक."

मास्कच्या वर कपाळ मोकळंच होतं. तिने अंगठ्याने कुंकू लावलं. अक्षता लावल्या, त्या वाऱ्याने उडाल्या, पुन्हा लावल्या. ओवाळलं. दीड वर्षाहून अधिक काळ त्या बाईने डॉक्टर-नर्सखेरीज कुणाला हात लावला नव्हता. तिचा अंगठा त्याच्या कपाळावर बराच वेळ राहिला. कौमुदी रडायला लागली. मीही रडले, सांगायला कसली लाज.

मग ताईने ताट स्टुलावर ठेवलं, घरात गेली आणि बाहेर आली ती हातात बॅग घेऊन. दाराला कुलूप लावलं. अंगणातून चालत आली, आरव्हीची पायरी चढली, आमच्या फोनसमोरून तिचा कोट सरकला, आणि पुढच्या सीटवर बसल्याचा आवाज आला. मग काच खाली केल्याचा.

चंद्रहास धावत दारात आला. त्याचं तोंड आता आमच्या फोनच्या अगदी जवळ होतं. सव्वा वर्षात पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पुढचा बेत दिसत नव्हता.

"कौमुदी," तो हळू आवाजात म्हणाला, "ताई गाडीत बसलीय. हे आपण करून बघितलेलं नाही. दुसरा पलंग पाण्याच्या कॅन्सनी भरलाय. आता काय करू?"

"तुला कळलं नाही का अजून?" कौमुदी डोळे पुसत म्हणाली. "बाकांना सावली आहे का, हे ती कुणासाठी विचारत होती? गाडी चालू कर."

तो फोन घेऊन पुढे गेला, तो गाडीच्या समोरच्या पट्टीवर ठेवला आणि चाक धरलं. सगळ्या खिडक्या उघड्या, दोघांचे मास्क लावलेले. तरी त्याने विचारलंच, "ताई, कुठे जायचंय?"

"लुनावर मागे बसायचास तेव्हा कधी विचारलंस, कुठे चाललोय?" ताई म्हणाली. "चल."

गाडी निघाली. आम्हाला नुसतं आभाळ दिसत होतं आणि इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग त्या घरघरीवरून ताईचा आवाज यायला लागला. हे चर्च बघ, इथे आधी दूधवाला होता, अरे सावकाश, केवढी मोठी आणलीस गाडी, तुझ्या भाऊजींना असलीच हवी होती, तो बघ मका कापलेला, तू जेवलास का, तुझ्यासाठी धपाटे आणलेत, आणि ती नदी आधी दाखव, मग ते वाळूचं. मध्ये श्वास घ्यायलाही ती थांबत नव्हती. चंद्रहास फोन बंद करायला विसरला होता.

कौमुदीने हात पुढे केला, आणि मागे घेतला. फोन तसाच चालू ठेवून आम्ही दोघी ऐकत बसलो.