झाकलं पान

तिसगावच्या आमोस गुरुजींनी उभ्या आयुष्यात पत्त्यांना हात लावला नव्हता. त्यांच्या वडिलांच्या लेखी पत्ते म्हणजे जुगार, आणि जुगार म्हणजे घराचं वाटोळं. गुरुजी झेडपीच्या शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगत म्हातारे झाले, दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसत आले. अशा माणसाच्या पोटच्या पोरीने पत्त्यांचा खेळ बनवावा, आणि तोही थापा मारायचा!

कृपा नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायची. नोकरी सांभाळून, दोन मैत्रिणींना हाताशी धरून तिने मोबाईलवरचा हा खेळ तयार केला. नाव ठेवलं 'झाकलं पान'. पानांवर राजा-राणी नव्हते, पिकं होती. बाजरीला सगळ्यांत कमी गुण, उसाला सगळ्यांत जास्त. आपण पान पालथं टाकायचं आणि ते काय आहे ते लिहून सांगायचं. समोरच्याने 'मान्य' म्हटलं, तर आपण सांगितलेल्या पिकाचे गुण आपल्याला. पण त्याला संशय आला, तर तो 'उघड' म्हणतो. खोटं निघालं तर गुण त्याला, आणि खरं निघालं तर आपल्याला दुप्पट.

गावात कोणी विचारलं, "गुरुजी, कृपा काय करते हल्ली?" की गुरुजी म्हणायचे, "कॉम्प्युटरमध्ये आहे." एकदा ती सुट्टीला आलेली असताना तिने हे ऐकलं आणि घरात आल्यावर हसत म्हणाली,

"बाबा, तुम्ही पण पान झाकूनच टाकलंत की."

गुरुजींना ते लागलं. चष्मा पुसून ते म्हणाले, "आण बघू तुझा तो खेळ." मनात हे, की एकदा नीट बघू, चुका काढू, आणि पोरीला समजावून सांगू.

शेजारची बायडाबाई ऊसतोडीवरून नुकतीच परतली होती. तिच्या लेकाने तिला चांगला मोबाईल घेऊन दिला होता आणि कृपाने त्यात आणि गुरुजींच्या मोबाईलमध्ये खेळ घालून दिला होता. दुपारी ती आपल्या ओट्यावर, गुरुजी आपल्या ओट्यावर, असा डाव रंगायला लागला. गुरुजी हातात बाजरी असली की बाजरीच लिहायचे. सारखे हरायचे.

"गुरुजी, आसं खरं बोलून कुटं भागतंय व्हय?" बायडाबाई तिकडून ओरडायची. "बाजरी आसली तरी ऊस म्हनायचं अन् गप बसायचं!"

"मला नाही जमायचं ते, बायडाबाई."

पण हरता हरता गुरुजींच्या एक गोष्ट ध्यानात आली. एका दुपारी बायडाबाईने पान टाकून सोबत लिहिलं, 'ऊस हाय. लई ग्वाड. आत्ताच तोडून आनलाय, शेंड्याचं वाडं बी हिरवंगार हाय.' गुरुजींनी 'उघड' दाबलं. खाली बाजरी.

"आगं बया! कसं काय वळखलं?"

"गृहपाठ न केलेली पोरं अशीच लांबण लावायची," गुरुजी म्हणाले. "आजी आजारी होती, लाईट गेली, शाई सांडली. ज्याने केलेला असायचा तो नुसती वही पुढे करायचा."

त्या दिवसापासून गुरुजी जिंकायला लागले. थाप त्यांनी एकदाही मारली नाही, पण दुसऱ्याची थाप त्यांच्या हातून सुटेना. खेळात चुका काढायच्या होत्या, हे ते विसरूनच गेले.

पुढे नगरच्या एका कॉलेजने आपल्या भागातल्या मुलामुलींनी बनवलेल्या खेळांच्या स्पर्धा भरवल्या. त्यात 'झाकलं पान' होतं. कृपाला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. ती सभागृहात पुढे जाऊन बसली आणि स्पर्धकांच्या रांगेत बघते तर इस्त्रीचा सदरा घातलेले बाबा! शेजारी नवं लुगडं नेसलेली बायडाबाई. दोघं एसटीने आले होते, कोणाला न सांगता.

बायडाबाई लवकर बाद झाली आणि मग गुरुजींच्या मागे उभी राहून जोरजोरात टाळ्या वाजवू लागली. गुरुजी एकेक फेरी काढत शेवटच्या डावापर्यंत पोहोचले. समोर राहुरीचा गोरक्ष नावाचा कॉलेजचा पोरगा होता. हुशार आणि शांत. त्याने दिवसभर गुरुजींचे डाव पाहिले होते. तो लिहायचा एकच शब्द, त्यामुळे गुरुजींना त्याच्या थापा कळेनात. गुण मागे पडत गेले. शेवटचं पान राहिलं तेव्हा उसाला 'मान्य' मिळालं तरी फार तर बरोबरी होणार होती, जिंकायला दुप्पटच हवे होते.

गुरुजींनी पान टाकलं. लिहिलं, 'ऊस.'

मोठ्या पडद्यावर ते सगळ्यांना दिसलं. गोरक्ष पडद्याकडे बघत राहिला, मग गुरुजींकडे. आणि त्याने 'उघड' दाबलं.

पान उलटलं. ऊसच होता.

बायडाबाईने अशी काही शीळ घातली की मागच्या रांगेतली पोरं उठून उभी राहिली. गोरक्ष टेबलाला वळसा घालून आला आणि गुरुजींच्या पाया पडला. "सर, मला वाटलं, दिवसभर खरं बोलून तुम्ही हे एक खोटं राखून ठेवलंय."

"राखायला माझ्यापाशी होतं काय, बाळा?" गुरुजी म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बक्षीस देताना सूत्रसंचालकाने विचारलं, "गुरुजी, या वयात पत्ते कोणी शिकवले?"

गुरुजींनी माईक दोन्ही हातांनी धरला. "माझ्या मुलीने," ते म्हणाले. "हा पत्त्यांचा खेळ तिनेच बनवलाय. कृपा आमोस पाटोळे. राहणार तिसगाव." वर्गात हजेरी घ्यावी तसं त्यांनी ते नाव खणखणीत आवाजात पुन्हा एकदा घेतलं. "कृपा, उभी राहा."

कृपा उभी राहिली, पण तिला समोरचं काही दिसत नव्हतं. डोळे भरून आले होते.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी गुरुजींना चर्चच्या दारात गाठलं. बातमी त्यांच्यापर्यंत आली होतीच. "काय हो गुरुजी, पत्ते?"

"हो, पत्ते," गुरुजी म्हणाले. "बसा, दाखवतो."

पायरीवर दोघं बसले. हळूहळू मंडळी भोवती जमली. गुरुजी मोबाईलवर एकेक पान दाखवू लागले: बघा, ज्वारीचं कणीस कसं काढलंय, अगदी आपल्या शिवारातलं. कृपाने काढलंय ते. मागचे बघायला वाकले. उन्हं डोक्यावर आली तरी कोणी घराकडे निघालं नाही.